मागच्या डाव्या चाकातून

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. त्याच्या आधी माझं बरं चाललं होतं.

मी सेन्सर बोलतोय. गाडीच्या चाकात, टायरच्या आत, रिमला धरून अंधारात बसतो. काडेपेटीएवढा माझा जीव. चाकात हवा किती आहे एवढंच मला कळतं, आणि तो आकडा मी पुढं स्टेअरिंगजवळच्या स्क्रीनवर पाठवतो. दुसरं काम नाही, दुसरी अक्कल पण नाही. पण जेवढी आहे तेवढी पक्की आहे. माणसांना सगळ्यातलं कळतं, आणि चाकातली हवा तेवढी कळत नाही.

आम्ही चौघं भाऊ एकाच खोक्यातून जळकोटला आलो. रणधीरनं आम्हाला मागवलं होतं. हौसेनं नाही. त्याची बायको अर्पिता, तिला लेकरू झाल्यापासून गाडीत बसायची भीती. माहेराहून येताना तिनं हायवेला टायर फुटून उलटलेली गाडी बघितली होती. तेव्हापासून एकच जप. अहो, हवा बघितली का? अहो, हवा बघितली का? शेवटी रणधीरनं आम्हाला चार चाकांत बसवून घेतलं आणि स्क्रीन तिच्यासमोर धरली.

"घे. आता मला इचारू नको. ह्याला इचार."

म्हणजे बायकोचं तोंड बंद करायला आम्ही आलो. असो.

स्क्रीनवर गाडीचं चित्र आणि चार कोपऱ्यांत चार आकडे. मी पुढच्या डाव्या चाकात, म्हणून पुढचा डावा आकडा माझा. मी कुठल्या चाकात बसलोय ते मला स्क्रीनला सांगता येत नाही. ते माणसानं तिला सांगायचं असतं. बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की होतं. भाजी निवडण्याइतकं पण अवघड नाही.

तर खंडेनवमी. गाडी धुऊन पुसून पूजेच्या आधी महालिंगप्पाच्या टायरच्या दुकानात नेली. रणधीरचे वडील उत्तरेश्वर, त्यांना घरात सगळे आण्णा म्हणतात, ते खुर्ची टाकून बसले आणि हुकूम सोडला.

"पुढची टायरं लई घासल्यात. पुढची मागं घाल, मागची पुढं. सणाच्या दिवशी काम हून जाऊ दे."

महालिंगप्पानं जॅक लावला, चाकं काढली, बदलली. पुढच्या डाव्या चाकातला मी आता मागच्या डाव्या बाजूला आलो. तिथं असलेला माझा भाऊ पुढं गेला. नट आवळता आवळता महालिंगप्पानं विचारलं, "मालक, ह्या मशीनचं काय करावं लागतंय का?"

रणधीरनं मोबाईलमधून मान वर केली नाही. "ते आपोआप होतंय, आप्पा."

आपोआप! हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ज्याला जे येत नाही ते त्याच्या मते आपोआप होतं.

मग पूजा. चारी चाकांना हळदी-कुंकू, चाकांखाली लिंबं, बॉनेटला हार. नारळ फोडला, लिंबं चिरडली, सगळ्यांनी चाकांच्या पाया पडून घेतलं. ते बटण काही कुणी दाबलं नाही.

दिवाळी झाली आणि माझ्या चाकात खिळा घुसला. बारीक. हवा थोडी थोडी जायला लागली. पाहिजे बत्तीस. मी इमानानं सांगत राहिलो, तीस आहे, अठ्ठावीस आहे. पण स्क्रीन अजून मला पुढचाच समजत होती. त्यामुळं हवा जायची मागची, आणि आकडा कमी व्हायचा पुढचा. ही माणसं पंपावर थांबायची आणि पुढच्या चाकात हवा भरायची. तिथं माझा भाऊ फुगून फुगून दगड झाला. इकडं मी रिकामा होत चाललो.

आणि माझ्या वर, मागच्या डाव्या सीटवर, लेकीला, देवश्रीला, मांडीवर घेऊन अर्पिता बसायची.

देवश्रीला अकरावा महिना लागला. तुळजापूरला आईच्या दारात तिचं जावळ करायचं ठरलं. मामाच्या मांडीवर बसवून केस काढायचे, म्हणून अर्पिताचा भाऊ अमरसिंह आदल्या दिवशीच तिकडं जाऊन थांबलेला. निघताना गाडी परत महालिंगप्पाकडं.

"आप्पा, पुढच्या डाव्यात हवा मारा. चोवीस दाखवतंय."

महालिंगप्पानं पाईप लावला. "हितं चाळीस हाय की, मालक."

"तुमचं मीटर निजामाच्या काळातलं. मारा."

त्यानं मारली. "पंचेचाळीस झाली बघा."

"स्क्रीनवर चोवीसच हाय. आन मागच्या डाव्यात पंचेचाळीस झाली! आत्ता तर चाळीस व्हती."

पुढं भरली तर मागचा आकडा डोळ्यादेखत वाढला. गोठ्यातल्या बैलाला पण शंका आली असती. इथं तीन गडी उभे होते, एकालाही आली नाही. आण्णांना आली, पण निराळीच.

"नजर लागली गाडीला. लिंबू-मिरची बदला. आन मागच्या चाकातली जादाची हवा सोडून द्या, फुटंल."

महालिंगप्पानं माझ्या चाकाला मीटर लावलं. मीटर चोवीस दाखवत होतं. खरं तेच होतं. "मालक, ह्याच्यात तर आधीच..."

"सोडा म्हणलं ना," आण्णा म्हणाले.

"मालक म्हणतील तसं."

आणि सोडली. फुस्स. खरं मीटर हातात धरून त्यानं हवा सोडली, गिऱ्हाईक नाराज व्हायला नको म्हणून. बाप-लेक निदान अडाणी होते. ह्याला तर कळत होतं.

"आता तर पुढचं अठरा दाखवतंय," रणधीर म्हणाला. "मशीनच बिघडलं वाटतंय. जाऊ द्या, अमरसिंह वाट बघतोय."

अर्पिता लेकराला कडेवर घेऊन खाली वाकली. "अहो, मागचं चाक बसल्यासारखं दिसतंय."

"बाई, मशीन पंचेचाळीस दाखवतंय त्याच्यात," आण्णा म्हणाले.

मशीन बिघडलंय हे आत्ताच ठरलं होतं. पण सुनेला गप्प करायला ते लगेच नीट झालं.

सासू तुळजाबाई नैवेद्याचा डबा सांभाळत आत शिरत म्हणाली, "हिला मागं गाभण म्हशीचं पोटबी बसल्यालं दिसत व्हतं. व्याली की चार दिसांनी."

सगळे हसले. अर्पिता गाडीत बसली. मला तिचा पण राग आला. दिसत होतं तरी बसली. लेकराला घेऊन बसली.

नळदुर्ग मागं पडलं. पाच माणसांचं ओझं, डिकीत सामान, आणि खाली मी चपटा. टायरची कड रस्त्यावर दुमडत होती, उलगडत होती, प्रत्येक फेऱ्याला. आत असं तापलं की तव्यावर बसल्यागत झालं. मी पुढं स्क्रीनमधून ओरडत होतो, टीं टीं टीं. रणधीरनं आवाज बंद केला. तेवढं बटण त्याला बरोबर सापडलं.

मग वास सुटला.

"अहो, जळाल्याचा वास येतोय."

"शेतात कुणी पाचट पेटवलं असंल."

"गाडी थांबवा."

"आता किती राह्यलंय? तुळजापूर आलंच."

"थांबवा, न्हायतर मी दार उघडती." तिचा हात खरंच दाराच्या कडीवर होता. रणधीरनं आरशात बघितलं आणि ब्रेक मारला.

ती देवश्रीला घेऊन उतरली. "मी आता बसणार न्हाय ह्याच्यात."

"आईच्या दारात जाताना अपशकुन करती?" आण्णा तापले. "जावळ ऱ्हाईल पोरीचं!"

"ऱ्हाऊ द्या. पोरगी ऱ्हायली म्हंजी झालं."

"मग ये चालत!" तुळजाबाई आतूनच म्हणाली.

"येती चालत."

आणि ती निघाली. लेकराच्या डोक्यावर पदर धरून, रस्त्याच्या कडेकडेनं. मागं वळून बघितलं नाही. आण्णा रागानं खाली उतरले. सुनेला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "हे बघ, चाक कसं घट्ट..." आणि माझ्या टायरवर सपकन थाप मारली.

हात चटकन मागं आला. तळवा लाल झाला होता, त्याला वितळलेलं काळं रबर चिकटलं होतं. टायरची कड वीतभर फाटली होती, आतल्या तारा दिसत होत्या. आण्णांनी तळव्यावर फुंकर मारली. मग रणधीरला म्हणाले, "स्टेपनी काढ." एवढंच. मग ते स्वतः चालत पुढं गेले आणि अर्पिताला थांबवलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. फार काही बोलले नसावेत. लगेच परत आले.

स्टेपनी लागली, मगच ती गाडीत बसली. जावळ झालं, दोन तास उशिरा. अमरसिंहनं विचारलं, "उशीर का झाला?" आण्णा म्हणाले, "टायर फाटलं. आईनं वाचवलं."

वाचवलं असेल. पण आईनं कुणाच्या पायांनी गाडीतून उतरून वाचवलं, ते काही बोलले नाहीत.

आता मी स्टेपनीत आहे. माझ्या रिमला नवीन टायर बसवलं आणि डिकीत, ज्वारीच्या पोत्याखाली टाकलं. मी अजून बत्तीस बत्तीस पाठवतो, आणि स्क्रीन अजून मला पुढचा डावाच समजते. पण ते आता कुणाला दिसत नाही, कारण स्क्रीनवर आण्णांनी तुळजापूरच्या आईचा फोटो चिकटवलाय.

एक मात्र झालं. गाडीत बसायच्या आधी अर्पिता चारी चाकांभोवती फिरते. वाकते, बघते, तळहात टेकवते. तुळजाबाई म्हणते, "आली चाकांची डाक्टरीण." ती ऐकून घेते आणि चौथ्या चाकाला हात लावल्याशिवाय लेकराला आत घेत नाही. हुशार आहे म्हणून नाही. भित्री आहे म्हणून. मी खूप माणसं बघितली नाहीत, पण ह्या घरात वाकून बघणारं तेवढं एकच आहे.

तर वाचणाऱ्यांनो, एवढं करा. चाकं बदलली की आमच्या जागा स्क्रीनला सांगा. आणि आकडा एक बोलतोय, चाक दुसरंच दिसतंय, असं झालं तर खाली वाका. ज्या ज्या घरात लेकरू गाडीत बसतं, त्या त्या घरी हा निरोप पोचवा. शेजारणीला सांगा, जावेला सांगा, माहेरी फोन करून सांगा.

शहाण्यांना सांगायच्या भानगडीत पडू नका. त्यांचं आपोआप होतंय.