परीच्या वाटणीचं गवत

मी शेवंता, कोपरच्या कुंडलिकाची वरातीची घोडी. आधीच सांगून टाकते, मी मत्सरी आहे. घोड्यांना असलं काही नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी दोन घोड्या एका गव्हाणीला बांधून बघाव्यात.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून कुंडलिकाने मला आणलं, तेव्हा त्याच्याकडे भातशेती होती, बैल होते. पुढे शेतात इमारती आल्या, बैल गेले, मी राहिले. दिवा गावापासून ठाण्याच्या टेंभी नाक्यापर्यंत किती नवरदेव मिरवले असतील मी. डोक्याला तुरा, अंगावर झूल, कानाशी बेंजोवाल्यांचा दणदणाट. पण कधी बिथरले नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

कुंडलिकाचा मुलगा धनेश शाळेत होता तेव्हापासून माझ्या मानेला लोंबकळून म्हणायचा, "माझ्या लग्नात तूच हां शेवंता." माणसं बोलतात आणि विसरतात. मला दुसरं काम काय? मी ते धरून ठेवलं होतं.

धनेशचं लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात टेम्पोतून परी उतरली, नवी घोडी. पांढरीशुभ्र, लांब पापण्यांची. कुंडलिकाची बायको आवडाबाई दारातूनच म्हणाली, "कवरी गोरी हाय गो ही." माझ्या शेपटीला पिवळट झाक आलीय, हे तिला बहुतेक तेव्हाच दिसलं. धनेश परीच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

गव्हाण एकच होती. कुंडलिक तिच्यात सुकं गवत टाकायचा आणि आम्ही दोघींनी ते गुण्यागोविंदाने खावं अशी त्याची अपेक्षा. मी भुकेने खातच नव्हते. परीला मिळू नये म्हणून खात होते. तोंडातला घास उतरायच्या आत दुसरा ओढायचा. परी चार काड्या चघळून बाजूला व्हायची, तो तिचा शहाणपणा बघून माझा आणखीच जळफळाट व्हायचा. "हलू खा गो बाय, तुजा कोन नाय घेत," असं म्हणून कुंडलिक चहा प्यायला निघून जायचा.

लग्न तोंडावर आलेलं. त्या दुपारी मी दिवा गावातली वरात करून परतले, घशाला कोरड पडलेली. बादलीत पाणी नव्हतं आणि परी गव्हाणीत तोंड घालून उभी. मी तिला धक्का मारला आणि तोंड भरभरून गवत ओढलं. एक घास गेला, दुसरा गेला, तिसरा गळ्यातच थांबला. मी मान ताणली, खोकले, पुन्हा ताणली. नाकातून लाळ आणि गवताचा चोथा यायला लागला. तेवढा वेळ मला परीचीही आठवण नव्हती, इतकी मी घाबरले होते.

कुंडलिक धावत आला आणि बैलांना औषध पाजायचं जुनं बांबूचं नळकांडं घेऊन उभा राहिला. "गोडा तेल वततो, सरकंल खाली." ते माझ्या ओठाला लागणार तेवढ्यात धनेशने त्याचा हात धरला. "बाबा, थांब. डॉक्टरांना व्हिडिओ पाठवलाय."

डॉक्टर निशाबाई फोनवरच ओरडल्या, "काहीही पाजू नका. तिला गिळता येत नाहीये, तेल सरळ फुप्फुसात जाईल. गवत-पाणी दोन्ही काढून घ्या, मान खाली राहू द्या. मी निघतेच."

त्या आल्या, सुई टोचली, माझं डोकं जड झालं. मग नाकातून नळी घालून त्यांनी पाण्याने तो गोळा हळूहळू सोडवला. नंतर माझं तोंड उघडून बघितलं. "दाढा टोकदार झाल्यात, हिला नीट चावता येत नाही. त्या मी घासून देईन, पण दरवर्षी तपासायला हव्यात. दुसरी शेजारी असली की ही हावरटासारखी खाते, तेव्हा दोघींना वेगळं बांधा. दमून आली की आधी पाणी आणि विसावा. सध्या भिजवलेलं गवत, तेही थोडं थोडं. आणि खाताना कोणीतरी समोर उभं राहायचं."

"पन पोराची वरात?" कुंडलिकाने विचारलं.

"हिला नाही नेता येणार. आतून घसा सोललाय."

म्हणजे मी माझ्याच तोंडाने धनेशला परीच्या पाठीवर बसवलं. ते मला घशापेक्षा जास्त दुखलं. त्यात परीलाही पुढे असं होऊ नये म्हणून तिला बारीक भोकांची नवी लाल जाळी आणली, गवत भरून टांगायची. मला प्लास्टिकचा टब. त्या जाळीचाही मला हेवा वाटला.

लग्नाच्या संध्याकाळी धनेशच्या बहिणीने, कल्पिताने, परीला मानाची चण्याची डाळ भरवली. मुंडावळ्या बांधलेला धनेश परीच्या पाठीवर चढला आणि त्याने माझ्याकडे बघून हात केला. मी तोंड फिरवलं. बेंजो लागला, सगळे गेले.

थोड्या वेळाने कुंडलिक एकटाच परत आला. डोक्याला फेटा, अंगात नवाकोरा सदरा. माझी खायची वेळ झाली होती. त्याने टबातलं ओलं गवत पिळून मूठभर माझ्यापुढे धरलं. "खा गो बाय. त्या दिशी च्याला गेलतो. आज नाय जात."

बेंजो अजून ऐकू येत होता. त्याचा हात माझ्याकडे आणि कान तिकडे. एकुलत्या एका मुलाची वरात ती. मला कसंसंच झालं. म्हटलं, जाऊ दे बिचाऱ्याला. मी घास सोडला आणि पोट भरल्यासारखी मान वळवली.

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. खाणं सोडलं म्हणजे पुन्हा अडकलं, असंच त्याला वाटलं. माझा गळा वरपासून खालपर्यंत चाचपून त्याने डॉक्टरांना लावायला फोन काढला. आता त्याला मोकळं करायचं तर टब संपवणं भाग होतं, आणि तोही सावकाश. मी चावून चावून खाऊ लागले. प्रत्येक घास उतरेपर्यंत तो माझ्या मानेवर हात ठेवून उभा. बेंजो लांब गेला, ऐकू येईनासा झाला, तरी गवत उरलंच होतं.

आता मी बरी आहे, वेगळी बांधलेली आहे आणि परीची जाळी मला अजून खुपते. तुमच्याकडे माझ्यासारखं हावरट घोडं असेल तर गवत भिजवून थोडं थोडं द्या, बादली भरलेली ठेवा आणि त्याचं खाऊन होईपर्यंत जवळ थांबा.

त्या संध्याकाळी कुंडलिक तसाच मांडवात गेला. नव्या सदऱ्यावर माझी लाळ आणि खांद्याला ओल्या गवताच्या काड्या. आवडाबाई अजून अल्बम उघडला की त्याला बोलते. वरातीच्या फोटोंत परी आहे. बाकीच्या सगळ्यांत मी आहे.