पूर्णविरामाला एक फटका

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे मित्रांनो, आणि आता तर अर्धीच उरले आहे.

माझा जन्म करवतीखाली झाला. दाराच्या चौकटीतून उरलेला तुकडा सुताराने कापला, रंध्याने तासला आणि माझ्या कडा अशा साधल्या की फळ्यावरची रेघ तसूभरही वाकडी जाऊ नये. शाळेत मी आधी बाईंच्या हाती आले. बाई व्याकरण शिकवत. ‘कुत्रा भुंकला. चोर पळाला.’ असे लिहून त्या माझ्या आधाराने खाली रेघ ओढत आणि विचारत, "आता या दोन वाक्यांचं लग्न कोण लावतंय?" वर्गातून एकच गलका उठे, "कुत्रा भुंकताच चोर पळाला!"

बाई निवृत्त झाल्या आणि सर आले. सरांना भाषेची खरी आवड होती, हे मी नाकारणार नाही. पण राग त्यांच्या नाकावर बसलेला असे. तोडकी वाक्ये त्यांना मुळीच खपत नसत. त्यांनी नियमच केला, वाक्ये न जोडता सोडली तर जितके पूर्णविराम तितके फटके. तेव्हापासून मी रेघा मारायचे सोडून मुलांना मारू लागले. तळहातांवर उठणारे वळ आणि दाबलेले हुंदके मी अगदी जवळून पाहिले. घरी सांगावे तर "तूच काहीतरी केलं असशील" म्हणून आणखी चार बसत, त्यामुळे मुले मूग गिळून गप्प राहत.

त्या वर्गात एका वेल्डरची मुलगी होती. अंगाने बारीक आणि हालचालीला चपळ, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. ती तुकड्यातुकड्यांनीच बोलायची. "लांब वाक्यात मी हरवते गं," असे ती मैत्रिणीला म्हणाली होती.

एकदा सरांनी तिला फळ्यापाशी बोलावले. ‘दार उघडले. वारा आला. दिवा विझला.’ यांचे एक वाक्य करायचे होते. मुंगी खडू धरून उभी राहिली, ती उभीच राहिली.

"तीन पूर्णविराम. हात पुढे कर."

दोन फटके तिने सोसले. तिसऱ्याला हात मागे घेतला आणि सरांचा पारा चढला. त्यांनी तिचे मनगट टेबलावर दाबले, मला कडेवर उभे धरले आणि सारा जोर लावून हाणले. माझ्या कडेखाली तिच्या बोटाचे हाड कडकन मोडले.

दुसऱ्या दिवशी वेल्डर कामावरून तडक वर्गात शिरला. बोटाला प्लास्टर घातलेली मुंगी त्याचा सदरा मागे ओढत होती. "बाबा, नको. घरी चला. बाबा!"

त्याला काहीच ऐकू येत नव्हते. त्याने सरांना गचांडी धरून फळ्यावर आदळले आणि टेबलावरून मला उचलले. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसऱ्याने कपाळ फुटले आणि रक्त सरांच्या डोळ्यांत उतरले. तिसरा चुकून भिंतीवर बसला, तेव्हा माझे दोन तुकडे झाले. पुढच्या रांगेतली मुले किंचाळत बाकांखाली शिरली.

शिपायाने वेल्डरला मागून मिठी घालून आवरले. मुख्याध्यापिका धावत आल्या.

"ती चुकली म्हणून मी मारलं," सर कपाळ दाबत म्हणाले.

"तू मारलंस म्हणून मी मारलं!" वेल्डर ओरडला.

मुख्याध्यापिका मुंगीपाशी खाली बसल्या. "बाळ, तू सांग. काय झालं?"

 "सरांनी मारलं," एवढे बोलून मुंगी थांबली. मग म्हणाली, "आणि बाबांनी मारलं."

"अगं, सरांनी मारलं म्हणून बाबांनी..." वेल्डर मध्येच म्हणाला.

"‘म्हणून’ नाही, बाबा. ‘आणि’."

वेल्डरने हातातला माझा तुकडा टाकून दिला. नंतर पोलीस त्याला घेऊन गेले, तेव्हा त्याने मान वर केली नाही. सरांची नोकरी गेली. मला शिपायाने केरातून उचलले आणि खिडकी आदळू नये म्हणून फटीत ठोकून बसवले. तिथून मला शाळेचे फाटक दिसते.

कोठडीतून सुटल्यावर वेल्डर तिथेच मुलीला न्यायला आला. "दुखतंय का अजून?" असे विचारत त्याने तिच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला. मुंगी झटकन खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले. त्याचा हात तसाच हवेत राहिला.

मित्रांनो, वस्तू जपा, असे माझ्यासारख्या सगळ्याच वस्तू सांगतात. मला जपले नाहीत तरी चालेल. आपला हात जपा.