मंगळवारचा आकडा

"चाळीस! नाही, पंचेचाळीस! सरोवरावर, पाण्याच्या अगदी वर!" तोइवो ओरडले आणि हातातलं मोजणीयंत्र कटाकट दाबायला लागले.

मी दुर्बीण लावली. खाली सुपीरियर सरोवर, त्यावर खनिजाचं एक जहाज आणि वर कोरं आकाश.

"कुठे?"

"अगं, समोर! थवाच्या थवा घिरट्या घालतोय. बेरित, झोपलीयस का तू?"

कड्यावर पक्षी बघायला तीसेक माणसं जमली होती. सगळ्यांच्या दुर्बिणी पाण्याकडे वळल्या. शिकागोहून आलेल्या एका गृहस्थांना ससाणे लगेच दिसलेसुद्धा. मोठ्या माणसाला दिसलं की अशांना दिसतंच.

मला मात्र धडकी भरली. ससाणे पाण्यावरून जात नाहीत. उत्तरेकडून येतात, सरोवर आडवं आलं की बिचकतात आणि काठाकाठानं या कड्यावरून दक्षिणेला वळतात. म्हणून तर आम्ही इथे मोजायला बसतो. हे मला, आणि इथल्या प्रत्येकाला, तोइवोंनीच शिकवलं होतं. खनिजाच्या धक्क्यावरची नोकरी सांभाळून अठ्ठावीस शरद ऋतू हा माणूस इथे डोळ्यांत तेल घालून बसला होता.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "तोइवो, पाण्यावर काही नाहीये."

"एकही नाही?"

"एकही नाही."

त्यांनी उजवा डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. मग मान जरा डावीकडे वळवली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्याबरोबर फिरतायत गं," ते म्हणाले. "डोळ्यातच आहेत ते."

"आणखी काय दिसतंय?"

"खालून काळं चढतंय. पडद्यासारखं."

माझ्या आईचा डोळा असाच गेला होता. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणेपर्यंत गेला. "चला, उठा. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. मान हलवू नका."

"वारा वायव्येचा आहे, आज पक्षी रग्गड येणार. आजचा दिवस सोडून?"

"डोळा गेल्यावर कशानं मोजणार? नाकानं?"

ते उठले, पण गाडीकडे न जाता फळ्याकडे निघाले. तिथे हंगामातला सर्वांत मोठा दिवस खडूनं लिहिलेला असतो. मंगळवार, चार हजार एकशे बारा, तोइवो हाकाला. त्या दिवशी मी शाळेची बस चालवत होते आणि ते वर एकटेच होते.

"हे ठिपके मंगळवारपासून आहेत," ते म्हणाले. "थोडे होते. मला वाटलं, लांबचे पक्षी. मंगळवारपासूनचं सगळं उडव."

"अहो, त्यात हजारो खरे असतील!"

"असतील. कुठले, ते मला सांगता येत नाही."

"नंतर बघू. इथे एकेक मिनिट जातंय!"

"मग भांडू नकोस. वही काढ."

मी वही काढली आणि मंगळवारपासूनच्या पानांवर काट मारली. ती नीट बसली का, हे त्यांनी डाव्या डोळ्यानं तपासलं. मग बाहीनं फळा पुसला, स्वतःच्या नावासकट. शिकागोचे गृहस्थ आपल्या बुटांकडे बघत होते.

मोजणीयंत्र त्यांनी शून्यावर आणलं आणि माझ्या हातात दिलं.

उतारावर मी गाडी सुसाट सोडली, खड्डे मात्र चुकवत. ते सीटला डोकं टेकून, उजव्या डोळ्यावर तळहात धरून बसले होते. एकदा मी चुचकारायला म्हटलं, "डॉक्टर डोळ्यातला पडदा शिवून देतील हो."

"जहाजाचं शीड आहे का ते?"

गावाच्या पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. ते काचेतून वर बघत होते. इतक्या वर्षांत आकाशात काय आहे, हे मी त्यांना कधी कुणाला विचारताना ऐकलं नव्हतं.

"बेरित, चर्चच्या वर. आहेत ना ते?"

मी वाकून पाहिलं. उन्हात पंख पसरून ससाणे दक्षिणेला चालले होते.

"आहेत."

"किती?"

"नऊ."

"नऊ," ते म्हणाले. "घे."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. मी मोजणीयंत्र नऊ वेळा दाबलं आणि मग निघाले.