डावीकडे काय गेलं?

“पोत्यालासुद्धा इतकं आवळून बांधत नाही गं कोणी,” वहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या. “आणि पोतं निदान उचलून तरी नेतात. मला इथं ठेवून हे निघाले बघ तुझ्या हवालदाराशी गप्पा मारायला.”

मी गाडीच्या दारातून अर्धी आत वाकले होते. वहिनींच्या छातीवर चार पट्टे एका गोल बकलात येऊन मिळत होते. बकल अंगठ्याने फिरवलं की चारही पट्टे एकदम सुटतात, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. वहिनींचा अंगठा आखडलेला आहे, तो फिरत नाही, हे माहितीपत्रक लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? तेव्हा गेले तीन महिने गाडी थांबली की वहिनी बसून राहायच्या. कोणीतरी येऊन सोडवेपर्यंत.

बकल फिरलं. त्यांनी असा श्वास सोडला की समोरच्या काचेवर वाफ धरली.

“पाय बघा जरा,” मी म्हणाले. “दार खाली आहे, जमीन त्याहून खाली आहे.”

“माहितीय. मी काय पहिल्यांदा बाहेर पडतेय?” म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला. त्या उतरल्यावर मला गाडीतलं सतरंजीसारखं काळं कार्पेट दिसलं. त्यांच्या उजव्या पायाच्या जागी ते झिजून पांढरं पडलं होतं. बरोबर ब्रेक असता तिथे.

माझ्या दादाने अडतीस वर्षं गाडी चालवायला शिकवलं. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना क्लच म्हणजे काय हे त्याच्यामुळे कळलं. अडतीस वर्षं तो डावीकडच्या सीटवर बसला, पायाशी तो जादाचा ब्रेक घेऊन, आणि ताशी तीसच्या वर कधी गेला नाही. निवृत्त झाला आणि एका डॉक्टरची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन आला. पिवळी. इतकी पिवळी की उन्हात बघवत नाही. वहिनींनी विचारलं, “मागची सीट कुठाय?” दादा म्हणाला, “मागे कोणी बसवायचंच नाही आता.”

मला त्या दिवशी खूप बरं वाटलं होतं. खरंच.

गाडी घेतल्यावर लोक आधी काय बदलतात, हे मला टायरच्या दुकानात वीस वर्षं काढून पाठ झालंय. आवाज मोठा करतात. मग मागे पंख लावतात. मी प्रत्येकाला सांगते, आधी टायर, मग ब्रेक, शोभा सगळ्यात शेवटी. गाडी रस्त्याला चार तळहातांएवढ्या जागेवर टेकलेली असते, बाकी सगळं हवेत. दादालाही सांगितलं होतं. त्याने ऐकलं आणि जाऊन शर्यतीच्या खुर्च्या आणि चौपदरी पट्टे बसवून आला. “सुरक्षा, बारके,” म्हणाला. मी बावन्न वर्षांची, सत्त्याहत्तर किलोची. पण त्याच्या लेखी बारकीच.

आज मात्र तो टायरसाठी आला होता.

“ऐक,” तो हात चोळत म्हणाला, “पुढचे दोन, मागचे दोन, चारही बदलू. मऊ रबराचे घेऊ. आणि स्प्रिंगा बदलून गाडी थोडी खाली बसवू. डावीकडे ओढायचं काही जात नाही तिचं.”

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं नाही. हवालदार म्हणजे आमचा फिटर. तीस वर्षं लोकांच्या टायरात हवा भरतोय, म्हणून कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते पोलिसांपेक्षा जास्त मानाने टिकलं. त्याने गाडी लिफ्टवर घेतली, बटण दाबलं, आणि ती पिवळी बया हळूहळू आमच्या डोक्याच्या पातळीला आली.

उजवीकडचे दोन टायर म्हणजे चांगल्या घरचे वाटावेत असे. काळे, स्वच्छ, नक्षी अजून जाड. मी डावीकडे गेले.

डावीकडच्या टायरची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, पूर्ण फिरवून फिरवून खरवडली गेली होती. एकदा घासलं तर एक ओरखडा दिसतो. इथे ओरखड्यावर ओरखडे होते, जुने राखाडी, नवे काळेभोर. टायरवरची अक्षरं पुसली गेली होती. रिमच्या कडेला दातांनी कुरतडल्यासारखं झालं होतं. आणि पुढच्या डाव्या टायरला, बोटांनी चाचपलं तेव्हा, लिंबाएवढा फुगवटा लागला. असा फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेत. तो टायर आज फुटला असता, नाहीतर उद्या.

हवालदाराने अंगठा त्या फुगवट्यावर ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पान्हा शोधायला निघून गेला. पान्हा त्याच्या खिशातच होता.

आता सांगून टाकते, म्हणजे आम्ही सगळे किती शहाणे होतो ते कळेल. दादाला काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलीय आणि गेलेली परत येत नाही. उजव्याचीही थोडी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे वहिनींसमोर सांगितलं. दादाने त्यातलं ‘थेंब रोज घाला’ एवढंच घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी वहिनींनी मला फोनवर सांगितलं, आणि दुपारी दादा दुकानात आला. म्हणाला, “गाडी डावीकडे ओढते. फुटपाथला लागते अधूनमधून. अलाइनमेंट बघ, चाकं सरळ आहेत का ते.”

मी गाडी मशीनवर घेतली. चारही चाकांचे आकडे पडद्यावर आले. सगळे हिरवे. गाडी दोरी लावल्यासारखी सरळ होती.

दादा दारात उभा होता, चेहऱ्यावर शाळेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखं काहीतरी. आणि मी म्हणाले, “होती थोडी बाहेर. सुधारली.”

एवढंच. चार शब्द. त्याचा चेहरा असा उजळला की मला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली. तो वहिनींना म्हणाला, “बघ, सांगत नव्हतो? मशीन खोटं बोलत नाही.” मशीन नव्हतंच बोललं. मी बोलले होते.

मग तो दुसऱ्यांदा आला. मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी आकडे हिरवे आणि प्रत्येक वेळी मी पडदा आपल्याकडे वळवून म्हणायचे, “थोडी होती हं.” परगावी असलेल्या त्यांच्या मुलाने फोनवर ऐकून मोठे बाहेरगोल आरसे पाठवले. वहिनी डावीकडे बसून गप्पा मारल्यासारख्या सांगू लागल्या, “अगंबाई, ती सायकल बघा किती छान,” म्हणजे सायकल आहे, सांभाळा. दादाला कोणी काही म्हणालं नाही. ज्याने आम्हाला सगळ्यांना गाडी शिकवली, त्याला ‘तू आता चालवू नकोस’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मग आम्ही गाडीलाच बोल लावत राहिलो. बिचारी ऐकून घ्यायची.

आणि आता माझी पंचाईत अशी की, फुगवट्याच्या टायरवर त्याला घरी पाठवता येत नाही, आणि चांगले टायर घातले की तो अजून जोरात जाणार. मी नाही म्हटलं तर पुढच्या चौकात दुसरं दुकान आहे.

मी फळीवरून तीन प्रकारचे टायर काढून भिंतीला लावले. वेळ काढायला एरवी न सांगितलेल्या गोष्टीही सांगत सुटले.

“हा कडक. पाच वर्षं चालेल, पण पावसात घसरेल. हा मधला, भिजल्या रस्त्यावर याच्याइतका कोणी धरत नाही. आणि हा तुझा मऊ. शर्यतीचा. गरम झाला की डिंकासारखा चिकटतो, पण थंड असला की तुझं ऐकणार नाही. आणि हे बाजूचे चार अंक बघ, कितव्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते. दुकानदार म्हणेल नवीन, पण तू हे अंक वाचायचे.”

दादाने मान वाकवून अंक वाचले. वाचायला त्याला काही अडचण नव्हती. समोरचं सगळं त्याला लख्ख दिसतं, तेच तर कठीण होतं.

“मऊ,” तो म्हणाला.

“मधला घे.”

“अडतीस वर्षं मधलाच घेतला, बारके.”

वहिनी प्लास्टिकच्या स्टुलावर अंगठा चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, “बदल करायचेच आहेत ना, मग डावीकडे एक ब्रेक बसवून मिळेल का?”

आम्ही सगळे हसलो. हवालदार जरा जास्तच हसला. आणि मग हसू एकदम संपलं, कोणी बंद केल्यासारखं, आणि कॉम्प्रेसर घरघरत राहिला तेवढाच. दादा टायरच्या नक्षीवरून बोट फिरवत होता. फिरवतच राहिला.

“मधले घाला,” तो म्हणाला.

हवालदाराने जुने टायर उतरवले, नवे चढवले, एकेक चाक फिरवून शिशाचे तुकडे लावून तोल साधला. काढलेले डावे दोन टायर त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवले, खरवडलेली बाजू आत. मी ते पाहिलं आणि त्याने मला पाहताना पाहिलं. या दुकानात आम्ही दोघं टायरांनासुद्धा खोटं बोलायला लावत होतो.

अलाइनमेंटला गाडी घेतली. पडदा हिरवा. मी नेहमीसारखा तो वळवायला हात पुढे केला, आणि दादा म्हणाला, “चल बस.”

“मी?”

“तूच बस. तूच बघ ओढते का ते.”

वहिनी इतक्या पटकन दुसरीकडे बघू लागल्या की त्यांची सुटका झाल्याचं कळावं. मी हात पुसले, वहिनींच्या त्या डावीकडच्या खुर्चीत उतरले. उतरले म्हणजे पडले. दादाने बाजूने येऊन स्वतः माझे पट्टे लावले, खांद्यावरचे दोन, कमरेचे दोन, आणि खेचून घट्ट केले. पुढे वाकायची सोय राहिली नाही. समोर काच, बाजूला दार, गुडघे छातीजवळ. वहिनी तीन महिने यात कशा बसल्या असतील?

गाडी रस्त्यावर आली. नवे टायर मऊसूत वाजत होते. दादाचे हात स्टिअरिंगवर दहा वाजून दहा मिनिटांवर, शिकवायचा तसेच. उतारावर त्याने दोन बोटं सैल केली आणि गाडी सरळ जात राहिली. त्याने ते पाहिलं. मीही पाहिलं. स्टिअरिंग सोडल्यावर गाडी कुठे जाते हे ज्याच्या हाताला अडतीस वर्षं कळतंय, त्याला हे कळलं नसेल?

“ओढतेय का?” त्याने विचारलं.

माझा उजवा पाय कार्पेटच्या त्या पांढऱ्या जागेवर जाऊन बसला होता.

पुढे औषधांच्या दुकानाची जुनी इमारत आहे. महिनाभरापूर्वी ती पाडायला घेतली, निळे पत्रे लावले, आणि फुटपाथ पत्र्यांच्या आत गेला. लोक रस्त्यावरूनच चालतात तिथे. समोरून एक बाई येत होती, दोन्ही हातांत पिशव्या. गाडी तिच्याकडे, पत्र्यांकडे, हळूहळू जात राहिली. मी पाय कार्पेटवर दाबला. ती पत्र्याला पाठ टेकून उभी राहिली आणि माझ्या खिडकीपासून वीतभर अंतरावरून गेली. तिच्या एका पिशवीचा बंद तुटला होता, त्याला गाठ मारलेली होती. तो गाठीचा दोरा मला दिसला, इतकी जवळ.

दादा समोर बघत होता. शांत.

तो शिकवायचा तेव्हा त्याचा एक खेळ होता. कधीही, अचानक, विचारायचा, डावीकडे काय गेलं? मान वळवायची नाही, लगेच सांगायचं. चुकलं की तो गाडी बाजूला घ्यायला लावायचा आणि चालत मागे जाऊन बघून यायला सांगायचा. सोळाव्या वर्षी मी एका दुपारी सहा वेळा चालत मागे गेले होते. रडले होते. सातव्यांदा चुकले नाही.

“दादा,” मी म्हणाले. माझा आवाज पट्ट्यांखालून आल्यासारखा वाटला. “डावीकडे काय गेलं?”

तो हसला. “मला विचारतेस?”

“सांग ना.”

“पोस्टाचा डबा,” तो म्हणाला. “मग औषधांचं दुकान. बाहेर त्याची हिरवी पाटी.”

थोडं पुढे गेल्यावर त्याचं हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून गेलं.

“पाटी नाहीये?”

“दुकानच नाहीये. महिना झाला. आणि एक बाई गेली, दादा. पिशव्या घेऊन, रस्त्यावरून.”

त्याने डावा इंडिकेटर दिला. आरशात पाहिलं, गियर उतरवला, सगळं जसं शिकवायचा तसं, एकही पायरी न चुकवता. गाडी बाजूला घेतली. माझ्या खाली नव्या टायरची बाजू फुटपाथच्या कडेला लांबवर घासत गेली आणि मग थांबली.

दोघांनीही ते ऐकलं.

इंजिन बंद झालं. इंडिकेटर टिकटिकत राहिला. मी बकलावर अंगठा ठेवला होता, पण फिरवला नाही. त्याच्याकडे वळायचं तर पट्टे वळू देत नव्हते, म्हणून मला त्याचे फक्त हात दिसत होते. ते अजून दहा वाजून दहा मिनिटांवरच होते.

“चुकलं माझं,” दादा म्हणाला. “उतरून, चालत जाऊन बघून येऊ?”

“नको.”

“नियम आहे.”

“राहू दे ना रे.”

त्याने इंडिकेटर बंद केला. मग म्हणाला, “पहिल्यांदा आणली होती गाडी तुझ्याकडे, तेव्हा मशीन काय म्हणालं होतं? तू काय म्हणालीस ते नको. मशीन काय म्हणालं?”

“सगळं हिरवं होतं,” मी म्हणाले. “तेव्हाही, नंतरही, आजही. गाडी पहिल्यापासून सरळ आहे, दादा. तुला डावीकडचं दिसत नाही.”