सुरभीची फुंकर

हॉल पाचशे खुर्च्यांचा, आणि त्या दिवशी आत हजारभर माणूस कोंबलेलं. खिडक्यांच्या गजांना पोट्टे लटकलेले. पुढच्या रांगेत प्राध्यापक मंडळी चपला काढून, हात जोडून बसलेली. आणि स्टेजवर श्वासानंद महाराज! भगवी कफनी, मनगटावर जाडजूड घड्याळ, अन् कॉलरला असा माइक की महाराजांनी आवंढा गिळला तरी मागच्या दाराशी ऐकू यावा.

"हिमोग्लोबिन, हिमोग्लोबिन करता रे! तुमचं सायन्स आज जिथं धापा टाकत पोचलं, तिथं आमचे ऋषी फुंकर मारून मोकळे झाले होते!"

टाळ्यांचा कडकडाट. टाळ्या पिटणाऱ्यांत केमिस्ट्रीचे विभागप्रमुखही होते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आजारी पोरं एकेक करून वर जात होती. शिष्य बोटाला अंगारा लावायचा. ते बोट काचेच्या भांड्यातल्या नितळ पाण्यात बुडवलं की बाप्पा, पाणी गुलाबी! "पाहा, रक्तातला दोष उतरला!" मग महाराज हातात पपईच्या देठाची पोकळ नळी द्यायचे. नाम घेत फुंकायचं. बुडबुडे यायचे, गुलाबी रंग फिका फिका होत जायचा आणि दोनेक मिनिटांत पाणी पुन्हा नितळ. "दोष जळाला! आता त्या गोळ्या टाका परडीत. गोळी पाहिजे म्हणजे देवावर भरवसा नाही!"

दाराशी सदाशिवराव उभे होते. पुसदच्या बाहेर असलेल्या या कॉलेजात सत्तावीस वर्षं शिपाई. कॉलेजचं नाव घेत नाही, घेण्यासारखं त्यानं काही ठेवलंच नाही. सूचनाफलकाच्या काचेची किल्ली सदाशिवरावांकडे. परीक्षेची तारीख असो, शिष्यवृत्तीची यादी असो, सुट्टी असो, त्यांनी टाचणी मारली की ती गोष्ट पक्की. त्यांच्या मते सही-शिक्क्याचा कागद खोटं बोलतच नाही. 'आरोग्य सप्ताहानिमित्त रक्तदोष निवारण शिबिर. सर्वांची उपस्थिती अनिवार्य' ही सूचनाही त्यांनीच लावली होती.

शेजारी त्यांची एकुलती एक लेक सुरभी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. लहानपणापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. रोजच्या गोळ्यांवर पोरगी तगली होती, नुसती तगली नव्हती, वर्गात पहिली यायची.

"बाबा, मले नाई जायचं वर. डॉक्टरनं सांगतलं ना, गोळी एक दिवसबी चुकवू नको म्हणून."

"अवं, सूचना कोनं लावली? म्या लावली. प्रिन्सिपल सायबाची सही हाय तिच्यावर. खोटं असतं तं त्यायनं सही केली असती काय?"

"सही केली, पण तपासलं कोनं?"

"लय शहाणी झाली तू! एक डाव जाय. माह्यासाठी जाय, बाई."

सुरभीनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं एवढी आशा होती की पोरीला पुढं बोलवेना. ती वर गेली. बोट बुडवलं, पाणी गुलाबी झालं. फुंकताना तिला मध्येमध्ये थांबावं लागलं, म्हणून जरा वेळ लागला. पाणी नितळ झालं तेव्हा सदाशिवराव भर हॉलमध्ये लहान पोरासारखे रडले. सुरभीनं गोळ्यांचं पाकीट परडीत टाकलं आणि खाली आली.

पहिले दहा-बारा दिवस तिला काही झालं नाही. सदाशिवरावांनी ऑफिसात पेढे वाटले. मग सांधे ठणकायला लागले. आई भागीरथाबाई म्हणाली, "दवाखान्यात नेऊ." सदाशिवराव म्हणाले, "महाराज बोलले ना, दोष निंघताना दुखते थोडं." विसाव्या दिवशी सुरभीच्या छातीत दुखू लागलं, श्वास पुरेना. तेव्हा कुठं अॅम्ब्युलन्स आली आणि पोरीला यवतमाळला नेलं.

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

डॉक्टर सदाशिवरावांकडे पाहत होते. सुरभीनं तोंडावरचा मास्क थोडा बाजूला केला.

"मीच इसरली, सर," ती म्हणाली. "बाबा तं रोज आठवन देत होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

भागीरथाबाईंनी नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही. बोलल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्या ताट वाढायच्या आणि उठून आत जायच्या.

तेरावं झाल्यावर सदाशिवराव कामावर आले. ऑफिसातल्या बाबूंनी मान खाली घालून एक कागद हातात दिला. शोकसभेची सूचना होती. 'कु. सुरभी हिचे दीर्घ आजाराने निधन झाले.' खाली सही, शिक्का. फलकावर लावण्याआधी कागद दाखवत सदाशिवराव विभागाविभागांत फिरत केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आले. तिथं रुपीबाई बेसिनपाशी काचेची भांडी धूत होती. वीस वर्षांपासून तिचं तेच काम. त्यांना पाहताच तिनं हात पुसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

"भाऊ, मले मारा. मले ठाऊक होतं. महाराजानं भांडे आपल्याच लॅबचे नेलते. दुसऱ्या दिवशी धुवाले आले. उरलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा पडला, तं पाणी पुन्हा गुलाबी! हा रंग मी वीस वर्षं धुऊन राह्यली, भाऊ. पोट्टे दर बुधवारी हेच तं करतात इथी! मी आपल्या विभागाच्या मोठ्या सरले सांगतलं. सर म्हणे, रुपीबाई, तुमी भांडे धुवा. मले वाटलं, खेळ असन, असू द्या. सुरभीनं गोळ्या टाकल्या हे मले कोनं सांगतलंच नाई."

सदाशिवरावांनी रुपीबाईकडून तो सगळा प्रयोग समजून घेतला. मग त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली. तो फलकावर लागलाच नाही.

शोकसभा त्याच हॉलमध्ये भरली. प्राचार्य 'विधिलिखित' म्हणाले, 'ईश्वरेच्छा' म्हणाले. तेवढ्यात सदाशिवराव आणि रुपीबाई स्टेजवर चढले. रुपीबाईनं टेबलावर भांडं ठेवलं.

"हे पाणी नाई, यात कॉस्टिक सोडा हाय, चिमूटभर," ती म्हणाली. "अन् ही राख. यात फिनॉल्फ्थॅलिन मिसळलं, सोड्याच्या पाण्यात गुलाबी होणारी लॅबची पावडर." तिनं राखेचं बोट बुडवलं. पाणी गुलाबी झालं. "मले कोनता रोग हाय? कोनाचंबी बोट घाला, असंच होते. आता सर, तुमी या. फुंका."

विभागप्रमुख उठेनात. हॉलभर पोरं त्यांच्याकडे वळून पाहायला लागली, तेव्हा उठले. नळी तोंडाला लावून फुंकू लागले. रंग फिका पडत गेला, पाणी नितळ झालं.

"सांगा पोरायले, काहून झालं हे," रुपीबाई म्हणाली.

"श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो," सर खाली पाहत पुटपुटले. "सोड्याचा क्षार मरतो. रंग जातो. रक्ताचा काही संबंध नाही."

"हे तुमाले त्या दिवशी ठाऊक नव्हतं काय, सर?" रुपीबाईनं विचारलं.

सर नळी टेबलावर ठेवून खाली उतरले. सदाशिवराव माइकपाशी आले. या माणसानं सत्तावीस वर्षांत माइक फक्त उचलून ठेवला होता.

"महाराजाची तक्रार देली म्या पोलिसात. पण पोरंहो, सुरभी दीर्घ आजारानं नाई मेली. आजार तिनं एकोणीस वर्षं सांभाळला होता. गोळ्या सोडल्यानं मेली. अन् महाराजाच्या सांगण्यानं नाई सोडल्या तिनं, माह्या सांगण्यानं सोडल्या. तिले समजत होतं. म्या तिले चूप केलं." त्यांनी माइक जवळ ओढला. "म्हणून हात जोडतो. महाराज सांगन, मास्तर सांगन, सही-शिक्क्याचा कागद सांगन, तुमचा सख्खा बाप सांगन, तरी इचारा. करून पाहा. पटल्याशिवाय मान डोलवू नका. आमचं मन राखाले जीव देऊ नका."

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. मागून एक पोरगी पुढं आली. फुलसावंगीकडच्या तांड्यावरची बबिता, पहिल्या वर्षाची. ओठ पांढरेफटक.

"काका, मीबी टाकल्या गोळ्या परडीत."

"घरी सांगतलं?"

"नाई. आता सांगतलं तं बापू लय रागावन."

"रागावू दे," सदाशिवराव म्हणाले. "जित्या पोरीवरच रागावता येते, बाई. चाल, आत्ताच दवाखान्यात जाऊ."