मिक्सर आणि तिसरा खड्डा

सातारच्या केबलवर रोज संध्याकाळी एक वानर खड्ड्यात पडायचं, आणि ते कसं पडलं हे हसत हसत सांगायचं काम जयराजकडं होतं. व्हिडिओ गेमचा कार्यक्रम होता तो. घरात फोन असलेल्यानं फोन लावायचा, टीव्हीवरच्या वानराला 'उड' म्हणायचं, आणि इकडं जयराजनं बटन दाबायचं. तिसरा खड्डा ओलांडला की मिक्सर बक्षीस. आता फोनवरनं 'उड' येईपर्यंत वानर निम्मं खाली गेलेलं असायचं, त्यामुळं मिक्सर कुणी नेला नाही. तो आपला टेबलावर धूळ खात बसला.

सुरुवातीला गडी हरखला होता. पडद्यावर फक्त वानर दिसायचं, जयराजचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, पण भाजीवालीसुद्धा आवाज ओळखून मूठभर कोथिंबीर जास्त टाकायची. पण रोज तेच वानर, तेच तीन खड्डे आणि पुन्हा पहिल्यापासून, हे वर्षानुवर्षं कोण सोसणार? शेवटी शेवटी त्याचं तोंड त्याच्या ताब्यात राहिलं नाही. शेजारच्या तेराव्याला गेला आणि घरच्यांना खणखणीत आवाजात म्हणाला, "हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करा." बायकोनं, उमानं, हाताला धरून बाहेर काढला म्हणून वाचला.

त्यातच एक म्हातारा रोज फोन करायचा. फौजेतनं रिटायर झालेला असावा, कारण त्याला साधं 'उड' म्हणताच यायचं नाही. आधी इशारा, मग हुकूम. "वानर उडी मारेगाऽऽऽ... मार!" त्या 'गाऽऽऽ'मध्येच वानर बुडायचं. बाकी कुणी चिडलं असतं, हा मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एका संध्याकाळी जयराजचं डोकं फिरलं. "काका, या जन्मात तुमच्यानं तो खड्डा ओलांडायचा नाही," असं सगळ्या साताऱ्याला ऐकू जाईल असं बोलला, फोन आपटला आणि चपला घालून घरी गेला.

घरी आल्यावर उमाला म्हणाला, मला आता असं काम हवं जिथं बोलावं लागणार नाही. चॅनलचा मालक, गुंडा नावाचा, हुशार, त्यानं राजीनामा घेतलाच नाही. म्हणाला, म्हसवडची जत्रा होईस्तोवर हिंड, नाहीच जमलं कुठं तर मुकाट्यानं खुर्चीत येऊन बस. आणि जमायचं नाही याची त्याला खात्री होती.

उमाचे वडील लालासाहेब म्हसवडच्या जत्रेतल्या बैलबाजारातले जुने दलाल. तिथला सौदा तोंडानं होत नाही. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. गिऱ्हाइकानं एकदा बोट दाबलं की एक हजार चढले. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव कुणाला कळत नाही, आणि हात सुटला की सौदा पक्का, मग देवसुद्धा मोडू शकत नाही. जयराजला वाटलं, स्वर्ग म्हणतात तो हाच.

लालासाहेबांना जावई बोलका म्हणून आधीच धास्ती. त्यांनी बजावून सांगितलं, "जावईबापू, सौदा व्हईपातूर त्वांडातनं एक शबूद काढायचा न्हाई. ही एक जोडी इकून दावा, रुमाल तुमचा. न्हाईतर सरळ साताऱ्याची यष्टी धरा."

जोडी सयाजी नावाच्या शेतकऱ्याची होती, खिलार, देखणी. जयराज ओठ घट्ट मिटून उभा राहिला. एवढ्यात एक मिशाळ म्हातारा आला, बैलांच्या दातांकडं न बघता त्यांच्यासमोर ताठ उभा राहिला आणि गरजला, "जोडी आगे चलेगाऽऽऽ... चल!"

जयराजनं चमकून मान वर केली. तोच आवाज! माणूस साताऱ्याहून आला होता, नाव सुभेदार, म्हणजे लोक तरी तसंच म्हणत होते. आता तोंड उघडलं तर हा आवाज ओळखणार, सगळ्या गावापुढं अपमान केला म्हणून बखोट धरणार, सौदा मोडणार आणि गुंडाची खुर्ची नशिबी येणार. देवा सिद्धनाथा, वाचव रे बाबा. त्यानं मुकाट्यानं हात पुढं केला आणि लालासाहेबांनी वरून रुमाल टाकला.

सुभेदारांनी सयाजीनं सांगितलेल्या भावापेक्षा एक हजार खालून सुरुवात केली. जयराजनं नको म्हणून मान हलवली. ते थांबले, तोही थांबला. आणि थांबला की त्याचा अंगठा स्वस्थ राहीना. इतक्या वर्षांची सवय ती. गेम सुरू होताना वाजायची ती धून अंगठ्यानं आपली आपण सुभेदारांच्या बोटावर वाजवली. टुक टुक, टुटुक टुक.

सुभेदारांचे डोळे मोठे झाले. त्यांनी जयराजच्या तोंडाकडं बघितलं, मग रुमालाकडं बघितलं. चेहरा असा झाला, जणू परेड ग्राउंडवर बिगुल वाजला. जयराजचा अंगठा त्यांच्या बोटांवरनं वानरासारखा पळायला लागला, दोन बोटांमधली फट म्हणजे खड्डा, तो तिथं आला की सुभेदार बोट दाबायचे. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. लालासाहेबांना वाटलं, भाव चढतोय. आणि चढतच होता की!

तिसरा आला. पण रुमालाखाली इशाराही नव्हता आणि हुकूमही नव्हता, नुसतं बोट होतं. ते अगदी वेळेवर दाबलं गेलं.

"पार!" सुभेदार ओरडले आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागले. रुमाल उडाला, हात सुटला, म्हणजे सौदा पक्का झाला. लालासाहेबांनी जयराजच्या कानाशी तोंड नेऊन भाव विचारला, जयराजनं बोटांनी सांगितला, आणि मागितल्यापेक्षा दोन हजार जास्त आल्याचं कळताच सयाजी बैलाच्या दावणीपाशी मटकन खाली बसला.

"आवं सुभेदार," लालासाहेब म्हणाले, "जोडी ठिवणार कुठं?"

सुभेदार नाचायचे थांबले. ते राहायचे साताऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. बैल घ्यायला ते आलेच नव्हते, आले होते जत्रेला, रुमालाखाली हात घातला तो गंमत म्हणून. पण फौजेतला माणूस, म्हणाले, दाबलं ते दाबलं. गावाकडं भाऊ आहे, त्याच्या गोठ्यात जातील. मग त्यांचा चेहरा एकदम पडला. बायकोला, सुलाबाईला, मिक्सर कबूल केलेला होता. मिक्सर आणतो म्हणून इतकी वर्षं फोन केले आणि आता घरी बैल न्यायचे?

जयराजनं लालासाहेबांपुढं हात पसरला. सासऱ्यानं कपाळाला आठ्या घालून त्याच्या वाट्याची पहिली दलाली हातावर ठेवली. तो जत्रेतल्या भांड्यांच्या दुकानात गेला आणि मिक्सरचं खोकं आणून सुभेदारांच्या हातात दिलं. सौदा झाला होता, आता बोलायला हरकत नव्हती.

"चुकलो होतो काका," तो म्हणाला.

आवाज ऐकून सुभेदार हसले, बखोट धरलं नाही. खोकं काखेत मारून हळूच विचारलं, "तिसऱ्याच्या पुढं काय हाय रं?"

इतकी वर्षं तो गेम जयराजच्या हाताखाली होता, आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याला हसू आलं. कितीतरी दिवसांनी, कुणाला ऐकवायला नाही, आपलं आपल्यासाठी.

"मलाबी न्हाई माहीत, काका. तिथवर कवा कोण पोचलंच न्हाई."

लालासाहेबांनी खाली पडलेला रुमाल उचलला, झटकला आणि जावयाच्या खांद्यावर टाकला. सुभेदारांनी मिक्सर खाली ठेवला आणि हात पुढं केला.

"बैल मातुर आता इकत घ्यायचा न्हाई हां," लालासाहेब म्हणाले, आणि बघायला जवळ सरकले.