गोजरा अंदमानला गेली तेव्हा

दिवाळे गावच्या मासळी बाजारात बयाबाई आणि गोजरा यांच्या बसायच्या जागा सव्वीस वर्षं एकमेकींना खेटून. एकीचं गिऱ्हाईक दुसरीनं ओढायचं नाही आणि एकीला कळलेलं दुसरीला संध्याकाळच्या आत कळलंच पाहिजे, असा दोघींचा रिवाज. म्हणून तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुकटीचा ढीग सारखा करता करता गोजरानं सांगून टाकलं, "बुधवारपासून पाच दिस मी नाय गो. आमचे हे मना अंदमानला नेतात. काल अचानक तिकिटंच हातात ठेवली!"

बयाबाईच्या हातातला सुका बोंबील हातातच राहिला. "पावसात?"

"आता नाय तर कवा? मासेमारीची बंदी हाय, होड्या वर काढलेल्या. नारली पुनव झाली का यांना येळ कुठला? आन् पावसात तिकडं कोन जात नाय, म्हनून स्वस्तात बी होतं."

अहो, बंदी काय एकट्या गोजराच्या बाजीरावला होती? बयाबाईच्या गंगारामची होडी बाजीरावच्या होडीशेजारीच ताडपत्रीखाली पडलेली. पण हा माणूस दोन महिने दारापुढच्या पत्र्याखाली जाळ्यात तोंड खुपसून बसायचा. लग्नाला तीस वर्षं झाली. बयाबाईला सोनं नको होतं, साडी नको होती. नवऱ्यानं एकदा, फक्त एकदा, आपण होऊन म्हणावं, 'चल बया, तुला फिरवून आणतो.' तेवढं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

आणि ही गोजरा काय रंभा लागून गेली होती? दात पुढं, चालणं बदकाचं, कालवणात मीठ कधी धड पडायचं नाही. आणि विमानात बसणार कोण? तर ही! बयाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं एकवीरा आईला हात जोडले आणि लाजलज्जा सोडून मागणं मागितलं. "आये, पाच दिस तिकडं असा पाऊस पाड, का तिला खोलीबाहेर पाय टाकता येऊ नये. तुला कोंबडं देईन."

आई पावली की हो! गुरुवारी सकाळीच फोनवर गोजराचा बोललेला निरोप आला, "गो बये, बोटी बंद केल्यात. बीचवर लाल बावटा लावलाय. खोलीतच हाव." बयाबाईनं तो निरोप मोठ्यानं लावून अख्ख्या बाजाराला ऐकवला. "काय बाई एकेकीचं नशीब!" म्हणत हळहळली, आणि मनात उकळ्या फुटत होत्या. त्या दिवशी ती दोन भाकरी जास्तच जेवली.

सोमवारी गोजरा बाजारात हजर. चार बायका जमल्याचं बघून बयाबाईनं मुद्दाम विचारलं, "मग गो, काय काय बघितलंस?"

"कायपन नाय!" गोजरा हसली. मग जवळ सरकून हळूच म्हणाली, "पन तुला सांगू? हे पहाटे दर्यावर, मी पहाटे बाजारात. इतक्या वर्सांत आमी कवा समोरासमोर बसलोच नव्हतो. तिथं दुसरं करनार काय? हे किटलीत चा करायचे आन् मना एकेक इचारायचे. नवी नवरी होती तवा मी चुलीपुढं का रडायची, ते इचारलं बघ! मी इसरलेली, त्यांच्या ध्यानात होतं."

निळं पाणी, पोवळी, काचेच्या तळाची बोट, यातलं काहीच दिसलं नाही म्हणून खोटं हळहळायची बयाबाई तयारी करून आली होती. याच्यावर कसं हळहळायचं? आणि तो पाऊस मागितला कोणी? हिनंच, वर कोंबडं कबूल करून! करायला गेली गणपती आणि झाला मारुती. असा हेवा तिला जन्मात कुणाचा वाटला नव्हता.

दुपारी घरी गेली ती चहाचे दोन कप घेऊनच गंगारामपुढं बसली.

"अवो, बोला ना कायतरी."

"काय बोलू?"

"कायपन. मना इचारा कायतरी."

गंगाराम गडबडला. "सुकट खपली?"

"खपली. आनखी?"

बिचाऱ्यानं जाळ्याची सुई खाली ठेवली, डोकं खाजवलं, पार घाम फुटेपर्यंत विचार केला. बायकोला बरं वाटावं असं त्यालाही वाटत होतं. मग एकदम विषय सापडला आणि त्याचा चेहरा खुलला.

"हां! बाजीराव आला ना परत? तो मनाबी बोललेला, अंदमानला चौघं जाऊ म्हनून. दोनदा आलेला. गोजराला आधी कळू द्यायचं नव्हतं त्याला, म्हनून गुपचूप. मी सांगितलं, आमच्या बयाला असलं कायबी आवडत नाय."

बयाबाईनं आपला कप खाली ठेवला. "मना इचारलेलं तुमी?"

"त्यात इचारायचं काय?" गंगाराम म्हणाला, आणि आज बायकोशी चार शब्द बोललो या समाधानात त्यानं चहाचा कप तोंडाला लावला.